रोमहून पॉम्पेई आणि अमाल्फी एका दिवसात? गाडी जरूर करा, पण रोमहून नको

सकाळी सातला रोमच्या हॉटेलातून गाडी, मग ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेईचे अवशेष, दुपारी अमाल्फीचे समुद्रकडे, रात्री नऊ-दहाला पुन्हा हॉटेलच्या दारात. युरोपला निघालेल्या मराठी मंडळींच्या बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे ‘प्रायव्हेट डे ट्रिप’चं पॅकेज फिरत असतं. माझं मत स्पष्ट आहे. कल्पना चांगली, पैसेही वसूल होण्यासारखे, फक्त सुरुवात चुकीच्या गावातून होते.

हिशेब मांडून बघा. रोम ते पॉम्पेई सुमारे २४० किलोमीटर. हायवे उत्तम असला तरी शहरातून बाहेर पडणं आणि वाटेतला एक थांबा धरून अडीच ते तीन तास जातात. तेवढेच परतीला. म्हणजे पाच-सहा तास इटलीच्या ए-१ हायवेवर गेले, आणि त्या हायवेवर बघण्यासारखं फारसं काही नाही. उरलेल्या वेळात पॉम्पेईला दीड तास, आणि अमाल्फी किनाऱ्यावरच्या पोसितानो गावात तासभर. त्यातला अर्धा तास पार्किंग आणि पायऱ्यांवर. ड्रायव्हरचा यात काही दोष नसतो, कारण पॅकेजच तसं आखलेलं असतं.

रोम ते नेपल्स हायस्पीड रेल्वेने सव्वा तासाच्या आत होतं. सकाळी सातच्या आसपासची रेल्वे घेतली की सव्वाआठला नेपल्स सेंट्रल. स्टेशनवर खासगी गाडी उभी असेल तर नऊला पॉम्पेईचं दार उघडताना तुम्ही तिथे असता. संध्याकाळी नेपल्सला मागे यायचंच नाही. दिवस अमाल्फी किनाऱ्याच्या पूर्व टोकाच्या सालेर्नो शहरात संपवायचा, कारण हायस्पीड गाड्या सालेर्नोहूनही थेट रोमला जातात, साधारण दोन तासांत. नेपल्सला गाडीत बसायचं आणि सालेर्नोला दिवस संपवायचा, एवढ्या एका बदलाने हातात बराच जास्त वेळ येतो.

आता गाडीबद्दल. इटलीत ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीचा वेगळा परवाना असतो, त्याला ‘एनसीसी’ म्हणतात. बुकिंग करताना हाच शब्द वापरून विचारा. स्वतः गाडी चालवायचा उत्साह या रस्त्यावर आवरलेला बरा. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं हे एक. दुसरं म्हणजे अमाल्फी किनाऱ्याच्या एसएस-१६३ रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यानुसार बंदी असते. १५ जून ते ३० सप्टेंबर शनिवार-रविवार, ऑगस्ट पूर्ण, ईस्टरचा आठवडा आणि २४ एप्रिल ते २ मे हे त्यातले दिवस. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला हा नियम लागू, एनसीसी आणि टॅक्सीला सूट. गावांतल्या परवान्याशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागात शिरलात तर कॅमेऱ्यांनी टिपलेला दंड घरी पोहोचल्यावर मागाहून येतो, तो वेगळाच.

दर हंगामावर आणि गाडीवर अवलंबून असतो. आठ-नऊ तासांसाठी साधारण ४०० ते ६०० युरो धरून चाला. दोघांना हे महाग पडतं, पण आठ जणांच्या व्हॅनमध्ये माणशी खर्च रोमच्या बस टूरपेक्षाही कमी होऊ शकतो. व्हॅन म्हणजे ड्रायव्हर सोडून आठ. नववं माणूस, मग ते मांडीवरचं बाळ का असेना, मोजलं जातं. भाव ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: टोल आणि पार्किंग धरून का, जादा तासाचा दर काय, सोडायची जागा सालेर्नो आहे का, आणि ‘दुकानाचे थांबे नकोत’. ही शेवटची ओळ विसरू नका. पॉम्पेईच्या आसपास कॅमिओ (शिंपल्यावर कोरलेले दागिने) आणि पोवळ्यांचे कारखाने आहेत. तिथले ‘फक्त दहा मिनिटं, फुकट दाखवतात’ म्हणजे पाऊण तास.

ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे. अवशेषांच्या आत माहिती सांगायला इटलीत वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळे ड्रायव्हर दारापाशी थांबतो. ‘इंग्लिश स्पीकिंग ड्रायव्हर’ वाचून आत कुणी समजावून सांगणार असं गृहीत धरू नका. दोन तासांचा खासगी गाइड दीडशे-दोनशे युरोंपर्यंत जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा खर्च करावा, कारण पॉम्पेई म्हणजे सहासष्ट हेक्टरचं शहर आहे, साधारण दोन तृतीयांश उकरलेलं, आणि न समजता फिरलात तर तिसऱ्या गल्लीनंतर सगळ्या भिंती सारख्याच दिसू लागतात.

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट जास्त पैसे लावतात. २०२५ मध्ये साधं तिकीट १८ युरो होतं, बाहेरच्या व्हिलांसकट २२. १५ नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, म्हणून पासपोर्ट जवळ हवा आणि नावाचं स्पेलिंग जुळायला हवं. अठराच्या आतल्या मुलांना कोणत्याही देशाची असली तरी प्रवेश फुकट, पण त्यांच्याही वयाचा पुरावा लागतो. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, आणि म्हणूनच तो टाळायचा.

आत चालण्याबद्दल एक सांगतो. रस्ते काळ्या बसाल्टच्या मोठ्या, गुळगुळीत झालेल्या फरशांचे आहेत, मधल्या फटी बोटभर ते चार बोटं. चप्पल, सपाट सँडल, बाबागाडी यांचं काम नाही. बाळ असेल तर अंगावर बांधायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पोर्ता मरीना या मुख्य दाराचा चढ टाळून पियात्झा अँफितेआत्रो बाजूने जावं. तिथून चाकाच्या खुर्चीलाही चालेल असा आखलेला मार्ग सुरू होतो. सावली जवळपास नाही. पाणी मात्र आहे, चौकाचौकांत पिण्यायोग्य पाण्याचे नळ आहेत, रिकामी बाटली न्या.

अडीच तासांत काय बघायचं? पोर्ता मरीनाने आत, बॅसिलिका (न्यायालयाची इमारत), मग फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक. फोरमच्या उत्तर टोकाला ज्युपिटरच्या देवळामागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी उभा दिसतो, इ. स. ७९ मध्ये हे शहर गाडणारा तोच. तिथून सरळ ‘हाऊस ऑफ द फॉन’. जमिनीवरचं अलेक्झांडरचं मोझेक ही प्रतिकृती आहे, मूळ नेपल्सच्या संग्रहालयात. जवळच वेत्ती बंधूंचं घर, २०२३ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलेलं. इथे रांग लागते, म्हणून आधी हे उरका. मग जात्यांची बेकरी, स्ताबियन स्नानगृह, नाट्यगृह, आणि पियात्झा एसेद्राकडून बाहेर. ड्रायव्हरला याच दाराशी बोलवा. आत गेलो त्याच दाराने परत यायचं ठरवलं तर उन्हात वेळ फुकट जातो.

घाईत एक गोष्ट मात्र सोडू नका. व्हिया देल्ल’आबोन्दान्झा या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचे उंबरे खाली वाकून बघा. दगडात लांब खोबण कोरलेली आहे आणि एका कडेला दाराच्या बिजागरीची खळगी. खोबणीत एकापुढे एक फळ्या सरकवून दुकान बंद करायचे, आपल्या जुन्या बाजारपेठांतल्या फळ्यांच्या दुकानांसारखंच. रस्त्यात ओलांडायला ठेवलेल्या उंच दगडांच्या मधून गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून बोट बुडेल इतक्या खोल आहेत. प्लास्टरचे मानवी ठसे बघायला सगळेच धावतात. राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची ती पद्धत पुरातत्त्वज्ञ फियोरेल्लीने १८६३ मध्ये वापरली. बघा जरूर, पण तिथे सेल्फी काढू नका. ती खरी माणसं होती.

याच रस्त्यालगतच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची पाव मीटरभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, अनेक अभ्यासक यक्षी मानतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्याकडे जालन्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवमधल्या तेरला सापडल्या आहेत, म्हणून ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी असा एक भक्कम तर्क आहे. ती पॉम्पेईत शोधू नका, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या ‘गुप्त दालनात’ ठेवली आहे. मंगळवारी संग्रहालय बंद. या एका दिवसात ती बसत नाही. त्यासाठी नेपल्सला एक मुक्काम करावा आणि तो करण्यासारखा आहे.

घरात सत्तरीपुढची माणसं असतील तर मी पॉम्पेईऐवजी एर्कोलानो (हर्क्युलेनियम, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं गाव) म्हणेन. आकाराने लहान, दीड तासात पुरतं, वरचे मजले आणि जळून कोळसा झालेलं लाकूडसुद्धा जागेवर आहे. नावाचा दबदबा कमी, एवढाच त्याचा दोष.

आता अमाल्फीचे कडे. बहुतेक ड्रायव्हर पॉम्पेईहून सोरेंतोच्या बाजूने पोसितानोला नेतात. एप्रिलअखेर ते ऑक्टोबर त्या टोकाला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. पोसितानो ते अमाल्फी अंतर सोळा-सतरा किलोमीटरच, पण दीड तासही लागू शकतो. त्यापेक्षा ड्रायव्हरला ‘वालिको दी किउन्त्सी’वरून अमाल्फीच्या डोक्यावरच्या रावेल्लो गावाला न्यायला सांगा. ही ६५६ मीटर उंचीची खिंड. मागे वळलात तर सगळं मैदान आणि व्हेसुव्हियस समोर. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या लढाईत अमेरिकन रेंजर्सनी ही जागा धरून ठेवली ती याच नजरेच्या टप्प्यासाठी. पॉम्पेईहून तासाभरात रावेल्लो. वळणं भरपूर आहेत. गाडी लागणाऱ्याने पुढच्या सीटवर बसावं आणि उलटीची गोळी वळणं सुरू झाल्यावर नव्हे, अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी.

पोसितानो वगळायचं म्हटलं की घरात वाद होतो, मला माहीत आहे. इन्स्टाग्रामवर तेच असतं. पण गाडी गावात एकेरी रस्त्याने वरच्या वरून जाते, किनाऱ्यावर पायऱ्यांनीच उतरायचं आणि पायऱ्यांनीच चढायचं, आणि तासाभरात हातात येतो तो गर्दीतला एक फोटो. रावेल्लो समुद्रापासून साडेतीनशे मीटर वर आहे. तिथल्या व्हिल्ला चिंब्रोनेच्या गच्चीवरून कड्याची पूर्ण उंची एका नजरेत कळते. चौकातून तिथे दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. तेवढं चालणं झेपत नसेल तर चौकालाच लागून व्हिल्ला रुफोलो आहे, १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर तिथे येऊन गेला.

हे कडे चुनखडीचे, पण त्यांच्या अंगावर व्हेसुव्हियसच्याच राखेचा आणि प्युमिसचा (ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या, सच्छिद्र दगडाचा) थर आहे. मोठा पाऊस झाला की तो थर कठीण खडकावरून सरकतो, आणि रस्ता बंद होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमाल्फीजवळ दरड कोसळून एसएस-१६३ कितीतरी आठवडे तुटला होता. डोंगरउतारावर दगड रचून केलेले मजले आणि चेस्टनटच्या खांबांवर काळ्या जाळ्या टाकलेल्या लिंबांच्या बागा दिसतात, त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. ती माती धरून ठेवायची व्यवस्था आहे. बागा ओसाड पडल्या की दरडी वाढतात.

जेवण रावेल्लोलाच उरका. शाकाहारींसाठी: ‘पिझ्झा मरिनारा’ नाव ऐकून घाबरू नका, त्यात मासे नसतात, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीजसुद्धा नाही. उलट साध्या दिसणाऱ्या स्पॅगेटीत ‘कोलातुरा’ नावाचा अँचोव्ही माशाचा अर्क असू शकतो, चेतारा हे शेजारचं गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. विचारूनच मागवा.

रावेल्लोहून अमाल्फी वीस मिनिटं. कॅथेड्रलच्या बासष्ट पायऱ्या, एक लिंबाचं सरबत, आणि गाडीला निरोप. कारण कडे बघायची खरी जागा रस्ता नव्हे, समुद्र. रस्त्यावरून तुम्ही कड्यावर असता, कडा दिसतच नाही. अमाल्फी ते सालेर्नो फेरी ३५-४० मिनिटांची. डाव्या बाजूला बसा, पूर्ण किनारा त्या बाजूने सरकतो. पियात्झा देल्ला कोंकॉर्दियाच्या धक्क्यावर उतरलात की सालेर्नो स्टेशन चालत पाच-सात मिनिटं. पाचच्या आसपासची फेरी मिळाली तर साडेसहा-सातची रेल्वे आरामात. परतीचं तिकीट अगदी स्वस्तातलं, न बदलणारं घेऊ नका. मोठ्या बॅगा असतील तर फेरी सोडा आणि गाडीनेच सालेर्नो गाठा.

समुद्र खवळला की फेरी रद्द होते, कधी तासभर आधी. म्हणून बुकिंग करतानाच ड्रायव्हरशी ठरवून घ्या: फेरी नाही लागली तर तोच सालेर्नोला सोडेल आणि त्याचे किती. फेरी धक्क्यावरून निघेपर्यंत त्याला जाऊ देऊ नका.

शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी ३ मे ते जूनचा पहिला आठवडा उत्तम. २५ एप्रिल आणि १ मे इटलीतही सुट्ट्या असतात, तेव्हा नको. दिवाळीत जाणाऱ्यांनी मात्र तारखा नीट तपासा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, पाचच्या सुमारास अंधार पडतो, १ नोव्हेंबरपासून पॉम्पेई पाचला बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेतीनला, आणि फेऱ्याही त्याच सुमारास थांबतात. त्या दिवसांत पॉम्पेई आणि रावेल्लो एवढंच ठेवा, उतरताना गाडी मायोरीवरून सालेर्नोकडे घ्या.