एक इंच खाली, पाऊण इंच वर

माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. कुठलाही फॉर्म भरताना मी पाच चार लिहितो, आणि आजवर कुणी टेप घेऊन तपासायला आलेलं नाही. पहिल्यांदा तपासलं ते माझ्या मोटारसायकलने, आणि तेही पैसे भरून झाल्यावर.

शोरूममध्ये सगळं छान होतं. गाडी साईड स्टँडवर उभी, मी टांग टाकून बसलो, डावा पाय लादीवर सपाट टेकला, मी म्हणलं पाय पुरतो. आता साईड स्टँडवरची गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे डावा पाय कुणाचाही पुरतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, आणि उजवा पाय कुठे होता ते मी बघितलंच नाही कारण समोर आरशात मी फार भारी दिसत होतो. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी सरळ केली आणि कळलं की दोन्ही पायांचे फक्त अंगठे जमिनीपर्यंत जातायत. तेही सॅंडल घालून नाही, बूट घालून.

सिग्नलला माझा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. लाल दिवा लांबूनच दिसला की मी सरकत सरकत फुटपाथच्या बाजूला जायचो, कारण फुटपाथ म्हणजे माझ्यासाठी पाय ठेवायची सरकारी सोय. फुटपाथ नसला की सीटवरून एका कुल्ल्यावर सरकून एक पाय पूर्ण टेकवायचा आणि दुसरा ब्रेकवर. हिरवा लागला की परत मध्यभागी यायचं. मागे बसणारी बायको म्हणायची, अरे तू नीट बस ना, किती वळवळतोस.

हे सगळं चाललं असतं. खरा घोळ झाला डबल स्टँडमुळे.

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की दर ५०० किलोमीटरला चेन साफ करून ल्यूब मारा. चेनला ल्यूब मारायचं तर मागचं चाक फिरवायला लागतं, चाक फिरवायचं तर ते अधांतरी हवं, आणि अधांतरी हवं तर गाडी डबल स्टँडला लावायला लागते. साईड स्टँडवर पण करता येतं म्हणा, थोडी गाडी पुढे ढकला, थोडं ल्यूब मारा, परत ढकला, पण त्यात आपण चेनला तेल लावतोय की गाडीला फिरायला नेतोय तेच कळत नाही.

तर एका रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये उतरलो. गाडीचं वजन १८५ किलो, माझं ५८. मी डाव्या हाताने हँडल धरलं, उजव्या हाताने मागचं ग्रॅब रेल धरलं, आणि सगळा जोर लावून गाडी वर ओढली. गाडी हलली नाही. माझ्या पाठीतलं काहीतरी हललं. परत ओढली. मग मी थोडा वेळ आरसे पुसले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हा मूळचा आरसे पुसायलाच आलाय. बघणारे म्हणजे वॉचमन काका. ते खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसले होते.

तिसऱ्या प्रयत्नाला गाडी पलीकडे झुकली. गाडी पडताना एक क्षण असा येतो जेव्हा आपल्याला माहीत असतं की आता आपण काही करू शकत नाही, तरी आपण धरून ठेवतो, आणि मग गाडीबरोबर आपण पण जातो. मी गेलो. गाडीवरून पलीकडे, अगदी सावकाश, पोत्यासारखा.

पडलेली गाडी उचलायची पण एक पद्धत असते, ती मला काकांनी तिथेच शिकवली. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साईड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचलायच्या जोशात ती डावीकडे पडते. गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवायचं, एका हाताने हँडल, एका हाताने मागचा दांडा, आणि पायाच्या जोरावर मागे मागे चालत यायचं. हातानी काही उचलायचं नाही. उचलली. एवढं वजनदार काम मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं, पण दाद द्यायला फक्त काका होते आणि ते म्हणाले, "आता स्टँडला लावा की."

इतक्यात एक पार्सलवाला पोरगा आला, वीस बावीसचा, अंगाने माझ्यासारखाच. एका हातात फोन. म्हणाला "सर लावू का?" आणि फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून एका पायाने माझी गाडी टक्कन डबल स्टँडला लावली. समोरच्याला "हां हां पोचलोच" असं सांगत सांगत. मी त्याला परत उतरवायला लावली आणि परत लावायला लावली. त्याने फोन ठेवला आणि एक वाक्य बोलला जे मॅन्युअलच्या दीडशे पानांत नव्हतं. "सर, ओढायचं नाही. उभं राहायचं."

म्हणजे असं की आपण १८५ किलो उचलतच नसतो. पुढचं चाक जमिनीवरच राहतं, उचलायचं असतं फक्त मागचं, ते पण दोन चार बोटं. आणि ते काम हात करत नाहीत, स्टँडला बाहेर आलेला जो दांडा असतो त्याच्यावर आपण पाय ठेवून सरळ उभं राहिलो की आपलं वजन करतं. तरफ. शाळेत आर्किमिडीजच्या नावाने पाठ केलेली, परीक्षेत तीन मार्कांना आलेली, आणि मला तीनपैकी तीन मिळाले होते. गाडी सरळ धरायची, स्टँड पायाने खाली घ्यायचा, गाडी थोडी डावी उजवी हलवून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागतायत ना ते बघायचं. टक, टक, असे दोन आवाज येतात. एकच आला तर एकच पाय टेकलाय, आणि तसाच जोर लावला तर गाडी पीळ खाऊन आडवी. मग नजर समोर, दांड्यावर टाच, आणि जिना चढल्यासारखं वर. गाडी आपोआप वर आणि मागे जाते. मागे जाते हे महत्त्वाचं आहे, ती पुढे येईल म्हणून आपण वाट बघत बसलो तर हँडल हातातून निसटतं.

जमलं. जमल्यावर मी आठवडाभर गाडी सगळीकडे डबल स्टँडलाच लावली. दोन मिनिटांच्या कामाला पण. लोक बघत नसतील तर थांबायचो. ही मस्ती एका उतारावर उतरली, कारण मी गाडी उताराकडे तोंड करून लावली होती, आणि डबल स्टँडवरून गाडी काढायची म्हणजे पुढेच ढकलायची असते, तर ते काम माझ्याऐवजी उताराने केलं. समोर एक कुंडी होती. आता नाही.

तर स्टँड जमला, पाय मात्र अजून लटकतच होते. आता मला वाटायला लागलं की तंत्र कळलं की सगळं होतं, मग गाडी आपल्या मापाची करायला काय हरकत आहे. पँट आणली की आपण पाय दुमडून शिवतोच ना (मी तर नेहमीच).

आधी माप. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाडजूड पुस्तक वर दाबून धरायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. बायकोने टेप धरली. शब्दकोश मी धरला होता. २९ इंच, म्हणजे साधारण ७३६ मिलिमीटर. सीटची उंची ८०० मिलिमीटर. फरक ६४. बुटाचा सोल २५, मी बसल्यावर शॉकअप दबून सीट खाली जाते ते धरा ३०. उरले ९ मिलिमीटर. मी कागद बायकोला दाखवला, म्हणलं बघ, नुसत्या नऊ मिलिमीटरसाठी मी इतके महिने फुटपाथ शोधतोय. ती म्हणाली तुझ्या वजनाने तीस दबतं का? नव्हतं दबत. ५८ किलोला गाडी फारसं मनावर घेत नाही. आणि वर सीट पुढून रुंद, म्हणजे मांड्या आधी बाजूला जातात आणि मग खाली, तिथे अजून बोटभर गेलं. सीटची उंची कागदावर एकच असते, पण ती सरळ खाली मोजलेली असते आणि आपले पाय सरळ खाली नसतात.

मेकॅनिककडे गेलो. त्याने पहिल्यांदा मागच्या शॉकअपची चकती हुकासारख्या पान्याने दोन खाचा सैल केली. मला वाटायचं त्याने स्प्रिंग मऊ होते. तो म्हणाला, "स्प्रिंग आहे तशीच राहते भाऊ, फक्त गाडी किती खाली बसणार ते बदलतं." मग सीटवाल्याकडे. त्याने पुढच्या बाजूचा फोम दोन्हीकडून तासला, वरून थोडा काढला. सीट आता पुढे निमुळती झाली, पाय सरळ खाली जायला लागले, आणि तासाभराच्या प्रवासानंतर खालचा पत्रा कुठे आहे तेही कळायला लागलं. फोमचं असंच असतं, उंची कमी करा की गादी कमी होते.

बाकी छोटी कामं फुकटात झाली आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडला. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं आपल्याकडे फिरवलं. क्लचचा लीव्हर खाली केला, म्हणजे मनगट सरळ राहतं. गिअर लीव्हर त्याच्या दात्यांवरून काढून एक दाता खाली बसवला. मी इतके दिवस गिअर टाकताना पाय उचलून नमस्कार केल्यासारखा वर न्यायचो, ते बंद झालं. हे पहिल्याच दिवशी का केलं नाही म्हणून मी मेकॅनिककडे बघितलं. तो म्हणाला, तुम्ही विचारलंच नाही.

इथे थांबायला हवं होतं. अंगठ्यांच्या जागी आता चवडे टेकत होते, सिग्नलला कुल्ला हलवायला लागत नव्हता. पण माणसाला टाच पण टेकायला हवी असते. मी मागच्या सस्पेन्शनची लिंक, म्हणजे चाक आणि शॉकअप यांना जोडणारी पट्टी, बदलून घेतली आणि गाडी एक इंच खाली आणली.

टाच टेकली! दोन्ही! मी सिग्नलला मुद्दाम लवकर पोचायला लागलो.

दुसऱ्या दिवशी रात्री समोरून येणारा प्रत्येक माणूस मला अप्पर, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत, मारत होता. मी पण मारला. तीन चार जणांशी अशी चकमक झाल्यावर लक्षात आलं की मागची बाजू खाली गेल्यामुळे माझा हेडलाईट वर बघतोय, आणि मी लो बीमवर लोकांच्या डोळ्यात उजेड फेकत चाललोय. हँडल पण वळणावर जड लागत होतं. मेकॅनिक म्हणाला, मागून बसवली तर पुढून पण बसवायला लागणार, आणि त्याने फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवल्या. मग साईड स्टँड. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच, त्यामुळे गाडी कलायच्या ऐवजी ताठ उभी राहायला लागली, एखादा वारा आला की पलीकडे जाईल अशी. तो स्टँड कापून वेल्डिंग केला. स्पीड ब्रेकरला खालून खर्र असा आवाज यायला लागला, त्याला काही उपाय नव्हता, त्यावर मी नुसते दात ओठ खायला लागलो.

आणि मग रविवार आला. चेन.

स्टँड खाली घेतला, टक टक ऐकलं, नजर समोर, टाच दांड्यावर, जिना चढलो. काहीच नाही. मी दांड्यावर उभा, दोन्ही पाय हवेत, गाडी जमिनीवर, कबुतर बसल्यासारखा. गाडी एक इंच खाली आली म्हणजे स्टँडचे पाय जमिनीला लवकर टेकले, म्हणजे ते अजून तिरके असतानाच टेकले, आणि तिथून गाडीला उभं करायला आता आधीपेक्षा एक इंच जास्त उचलायला लागणार होतं. माझे पाय जमिनीला टेकवायला जो इंच मी घेतला तो स्टँडच्या खात्यातून गेला होता. ५८ किलो कमी पडत होतं. जेवून येऊन परत बघितलं, तरी पडत होतं.

काकांनी खुर्ची फिरवली. बराच वेळ बघितलं. मग उठले, मीटर रूममध्ये गेले आणि एक फळी घेऊन आले. हातभर लांब, पाऊण इंच जाड. "हिच्यावर मागचं चाक चढवा." चढवलं. मागचं चाक पाऊण इंच वर म्हणजे गेलेला इंच बराचसा परत. फळीच्या पुढच्या टोकाला चाक ठेवायचं कारण गाडी मागे जाते. स्टँडचे पाय मात्र जमिनीवरच, फळीवर नाही, नाहीतर आहे तिथेच. टाच, जिना, टक्कन वर. चाक फिरायला लागलं.

तेव्हापासून ती फळी मीटर रूममध्ये असते. मी खाली आलो की काका दोन्ही हातानी ती आणून चाकापुढे ठेवतात आणि म्हणतात, "घ्या, पाट मांडला."

मागच्या महिन्यात मित्र आला, सहा फूट एक इंच. गाडी एक फेरी मारून आणतो म्हणाला. परत आला तेव्हा त्याचे गुडघे कोपरांना लागत होते, क्लच त्याने दोन बोटांनी वरून चिमटीत धरला होता, आणि गिअर बदलायला त्याचा बूटच लीव्हरखाली जात नव्हता, म्हणून सगळी फेरी त्याने फर्स्टमध्ये मारली होती. खाली उतरून तो डबल स्टँड लावायला गेला. ओढली. नाही हलली. परत ओढली. त्याने आरसा पुसला.

मी काकांकडे बघितलं, काका आधीच उठले होते. फळी आली, मी चाक चढवलं आणि एका पायाने गाडी लावली. फोन कानाला नव्हता, पण असता तरी चाललं असतं.

"फार लहान गाडी आहे रे," तो कंबर चोळत म्हणाला.

"होतं असं," मी म्हणलं, "उंच माणसांना जरा त्रासच होतो. एक लिंक मिळते त्यासाठी, बसवून घे."