घसाऱ्याचा हिशोब वर्षावर मांडा

"नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढली की किंमत पडते, मग घ्यायचीच कशाला?" हे इतक्या वेळा कानावर येतं की आज सविस्तर लिहितो.

किंमत पडते, यात वाद नाही. यालाच घसारा म्हणतात. कर, नोंदणी, विक्रेत्याचा नफा हे पैसे गाडी पुन्हा विकताना कुणी भरून देत नाही. पहिल्याच वर्षात साधारण पाचवा हिस्सा जातो आणि पाच वर्षांत बहुतेक गाड्या निम्म्यावर येतात. मॉडेलनुसार कमी-जास्त होतं. पण लोक हा आकडा ऐकून घाबरतात आणि पुढचा हिशोब करतच नाहीत.

तो करू. समजा नवी गाडी 100 ला घेतली. तीन वर्षांनी तिचे 60 येतात, आठ वर्षांनी 25, बारा वर्षांनी 10. तीन वर्षांत विकणाऱ्याचे 40 गेले, म्हणजे वर्षाला 13 हून जास्त. बारा वर्षं वापरणाऱ्याचे 90 गेले, पण वर्षाला साडेसातच. आणि तीच गाडी 60 ला घेऊन आठव्या वर्षी 25 ला विकणारा? त्याला वर्षाला 7 पडले. म्हणजे साडेसात आणि सात, वर्षाला फरक फक्त 0.5 चा! त्या बदल्यात नवी घेणाऱ्याला सुरुवातीची वॉरंटी मिळाली आणि गाडी पहिल्या किलोमीटरपासून कशी चालली हे त्याला ठाऊक आहे.

म्हणून माझं ठाम मत: दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर नवी गाडी बिनधास्त घ्या. दर तीन-चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर नवी घेऊ नका, त्यातून लांब मुदतीचं कर्ज काढून तर मुळीच नको. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि गाडीची किंमत नेमकी तेव्हाच जोरात उतरते. विकायला जावं तर गाडीच्या किमतीपेक्षा कर्जच जास्त शिल्लक. कमावत्या माणसाची यात फार ओढाताण होते, ते बघवत नाही.

सेकंड हँड बाजारात खरी अडचण वेगळीच आहे. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये हेच जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन मांडलं आणि 2001 साली नोबेल मिळवणाऱ्या तिघांत तो होता. या अंधारामुळे चांगल्या जुन्या गाडीलाही भाव कमी मिळतो. डोळे उघडे ठेवून घेणाऱ्याचा त्यात फायदाच आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2019 ची, मीटरवर जेमतेम वीस हजार किलोमीटर आणि चारही टायर 2022 चे? मग आधीचे टायर इतक्या लवकर का बदलले, हे विचारा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग घासून चकाकतंय का, तेही बघा. मीटर मागे फिरवता येतो, पेडलचं रबर पुन्हा खरखरीत होत नाही. सर्व्हिसचे कागद सलग नसतील तर गाडी सोडून द्या.

एका बाबतीत मात्र मी पैशांचा हिशोब मांडत नाही. ज्या जुन्या गाडीत पुरेशा एअरबॅग नाहीत, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घरच्यांसाठी घेऊ नका.