टूथपिक लिहायची राहून गेली

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉपच्या निगेवरचा माझा लेख वाचून तुम्ही ब्लोअरने जाळीतून हवा मारलीत आणि तेव्हापासून पंखा घरघरतोय. बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा असं मी सांगते, म्हणजे पैसे पुऱ्या बॅटरीचे मोजायचे आणि पाचवा हिस्सा वापरायचाच नाही. तुमचा लॅपटॉप चार वर्षं कायम चार्जरला आहे आणि काहीही झालेलं नाही. शिवाय मीच पूर्वी 'महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवा' असं लिहिलं होतं, मग खरं काय? आणि शेवटी, 'लॅपटॉप वापरायचा असतो, देव्हाऱ्यात ठेवायचा नसतो.'

पंख्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझीच आहे. हवा मारताना पातं धरून ठेवायचं असतं. जाळीतून किंवा खालचं झाकण काढून एक टूथपिक पात्यांमध्ये अडकवायची, मगच हवा सोडायची. हे वाक्य लेखात नव्हतं. हाताला इतकी सवय झालीय की लिहायचं सुचलंच नाही. मोकळा पंखा ब्लोअरच्या झोताने त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो. आतलं बेअरिंग इवलंसं, त्याला तो वेग सोसत नाही. वर मोटर बाहेरून फिरवली की ती उलट वीज तयार करायला लागते, आणि ती वीज बोर्डाकडे जाणं काही चांगलं नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे आणि ती तुम्ही पकडलेली नाहीत. बाहेरून हवा मारून फारसं काही निघतच नाही. लॅपटॉपच्या कडेला गरम हवा जिथून बाहेर पडते, तिथे आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट रांग असते, फणीच्या दातांसारखी. पंखा धूळ आत ओढतो आणि ती या दातांच्या आतल्या बाजूला, पंखा आणि पत्र्यांच्या मधे साचते. मागच्या वेळी मी झाकण उघडलं तेव्हा तिथे राखाडी रंगाची अख्खी पट्टी होती, बोटाएवढी लांब. केस, कापडाचे तंतू, धूळ, सगळं दाबून नमद्यासारखं झालेलं. चिमट्याने एक टोक धरलं आणि ती सलग निघून आली. बाहेरून हवा मारली तर हीच पट्टी मागे ढकलली जाते, पंख्यावर. तिचा तुकडा एखाद्या पात्याला चिकटला की तोल जातो आणि घरघर सुरू होते.

म्हणजे तुमचं बेअरिंग गेलेलं असेलच असं नाही. नवा पंखा मागवण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा आणि बॅटरीची वायर बोर्डावरून सोडवा. मग पंखा बोटाने हलकेच फिरवून बघा. कुठे घासतोय का, एखादी बारीक वायर आत डोकावतेय का, एकाच पात्यावर धूळ आहे का. सगळं साफ असूनही आवाज राहिला तर पंखाच बदला. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो सुटा भाग असतो, दोन-चार स्क्रू आणि एक छोटा कनेक्टर. तेल सोडण्याच्या भानगडीत पडू नका. चार दिवस शांत राहतो, मग तेलाला धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट.

आता बॅटरी. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

'काहीही झालेलं नाही' हे तुम्हाला कळलं कसं? चार वर्षं चार्जर लावलेलाच आहे ना? मग बॅटरी जिवंत आहे एवढंच कळतं, किती उरली ते कळत नाही. एकदा चार्जर काढून नेहमीचं काम करत बसा आणि घड्याळ लावा. आकडेच हवे असतील तर विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' अशा दोन ओळी असतात. पहिला आकडा कारखान्यातला, दुसरा आजचा. मॅकवर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा. मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर निघाली तर खरंच छान, मी हा परिच्छेद गिळायला तयार आहे.

चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी 'जास्त भरते' हा समज चुकीचा आहे, इथे तुम्ही बरोबर आहात. भरली की सर्किट चार्जिंग थांबवतं. अडचण भरण्यात नाही, भरलेलं राहण्यात आहे. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते; तिच्या पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, साधारण ४.२ व्होल्ट असतो, काहींत थोडा वरच. त्या दाबाखाली आतलं रसायन हळूहळू स्वतःलाच खात राहतं, आणि उष्णता मिळाली की तो वेग वाढतो. म्हणजे १०० टक्के अधिक गरम लॅपटॉप, ही जोडगोळी वाईट. ८० वर थांबवलं की दाब थोडा उतरतो, बस एवढंच त्यातलं शास्त्र. आणि तो पाचवा हिस्सा कुठे जात नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढा, पूर्ण भरा, सकाळी निघा. मीही तेच करते. बॅटरीवरच दिवसभर काम असेल तर ८०चा नाद सोडूनच द्या.

पूर्ण उतरवण्याचा जुना सल्ला मात्र माझ्याच गळ्यात आहे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीला अर्धवट भरत राहिलं की ती तेवढंच 'लक्षात' ठेवायची, म्हणून ती उतरवून भरायची पद्धत होती. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, तिला असली खोड नाही, उलट शून्यापर्यंत नेलेलं तिला सोसत नाही. पण बॅटरी बदलली तरी सवय बदलली नाही, आणि मीही ऐकीव सल्ला पुढे ढकलला. त्यात खरं एवढंच, की टक्के दाखवणारा मीटर कधीकधी चुकायला लागतो. ३० टक्क्यांवर असताना लॅपटॉप एकदम बंद पडतो तो त्यामुळेही असू शकतो. तेव्हा एकदा उतरवून भरली की मीटर ताळ्यावर येतो. मीटर सुधारतो, बॅटरी नाही. जुन्या लेखात आता तसं लिहून टाकलंय.

ह्या बॅटरीबद्दल माझा हट्ट का आहे तेही सांगते. माझा आधीचा लॅपटॉप तुमच्यासारखाच कायम चार्जरवर असायचा, तोही उशीवर, म्हणजे खालची जाळी बंद. एक दिवस टचपॅडचं डावं बटण दाबेना. मला वाटलं कचरा अडकला, म्हणून मी नखाने खरवडत बसले. मग टेबलावर ठेवला की तो डगमगायला लागला. तळाशी बोट फिरवलं तर मधे फुगवटा. खालची बॅटरी फुगून टचपॅडला वर ढकलत होती आणि मी त्यावर जोर देत होते! तुमचंही टचपॅड कधी कडक झालं किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर आधी चार्जर काढा, वापर थांबवा, आणि बॅटरी दाबून सपाट करायला जाऊ नका.

देव्हाऱ्याचं तुमचं म्हणणं मला पटलेलंच आहे. निगेच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंच कर्मकांड आहे. विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारी सॉफ्टवेअर कशाला लागतात मला आजवर कळलेलं नाही. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, असेल तर डीफ्रॅग करायची, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायची, गरज नाही. कीबोर्डवर घालायचं सिलिकॉनचं कव्हरही मी काढून टाकलं, कारण लॅपटॉप मिटताना ते स्क्रीनला टेकत होतं.

उरतं काय, तर जाळी मोकळी ठेवणं, स्क्रीनचं झाकण कोपऱ्याला न धरता मधोमध धरून उघडणं म्हणजे एकाच बिजागरीवर ताण येत नाही, आणि बॅगेत घालताना स्लीपवर न ठेवता बंद करणं. हे शेवटचं का, तर काही लॅपटॉप स्लीपमध्येही जागे होऊन अपडेट करत बसतात, आणि बॅगेत त्यांना हवा कुठली? बाहेर काढला की हाताला चटका बसतो.

पंखा उघडलात की काय निघालं ते सांगा. आवाज सतत येतो की ठरावीक वेगालाच, हेही लिहा. ठरावीक वेगाला येत असेल तर मला धुळीचाच संशय आहे. आणि हो, या वेळी टूथपिक.