जन्मवेळ नसली तरी आयुर्मान काढून मिळेल

पीएचडीला विषय शोधताय? मग लांबट अणुकेंद्रकांच्या उत्तेजित अवस्थांचं आयुर्मान घ्या. घरी सांगायलाही सोपं, "कोण किती जगलं ते बघतो." आजीला वाटेल नातू ज्योतिषी झाला. तिचं फारसं चुकत नाही.

घड्याळ आधी काढून ठेवा. आपलं जातक, म्हणजे केंद्रकाची जादा ऊर्जेची अवस्था, जेमतेम पिकोसेकंदभर जगतं, सेकंदाचा लाख कोटीवा भाग, आणि गॅमा किरण सोडून संपतं. त्यामुळे वेळ मायक्रॉनमध्ये मोजायची. वेगवान कणांचा झोत, म्हणजे बीम, पातळ टार्गेटवर आदळला की तयार झालेलं केंद्रक समजा प्रकाशाच्या 2 टक्के वेगाने सुटलं, तर पिकोसेकंदात 6 मायक्रॉन जातं. पुढ्यात सोन्याचा स्टॉपर. उडता उडता गॅमा सोडला तर डॉप्लरमुळे, म्हणजे सोडणारा पळत असल्यामुळे, ऊर्जेच्या आलेखावरचं त्याचं शिखर सरकलेलं दिसतं, सोन्यात रुतल्यावर सोडला तर जागच्या जागी. टार्गेट आणि स्टॉपरमधलं अंतर बदलत दोन शिखरांचा हिशेब मांडत राहायचं. या यंत्राला प्लंजर म्हणतात, आणि त्यात टार्गेट-स्टॉपरची पातळ फॉइल बसवायचं काम सगळ्यात नव्या विद्यार्थ्याकडे असतं. म्हणजे तुमच्याकडे.

फॉइल पापडासारखी ताणून बसवा. बीम सुरू झाला की ती तापून पापडासारखीच फुगेल. माझ्या फॉइलला नखाएवढी सुरकुती होती. तीन दिवस ज्याला मी 'सर्वांत कमी अंतर' म्हणत होतो, ती त्या सुरकुतीची उंची निघाली.

जातक याहूनही अल्पायुषी असेल तर टार्गेटमागे जाड थर लावायचा आणि केंद्रक मंदावताना शिखर कसं फराटतं ते पाहायचं. इथे धातूत वेग किती पटकन कमी होतो त्याचा तक्ता लागतो. तक्ता बदलला की आयुष्यही वाढतं. हे अजून कुठल्या डॉक्टरला जमलेलं नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारलं तर 1986 सालचं डेअर्सबरी, इंग्लंडमधली प्रयोगशाळा, सांगा. तिथे डिस्प्रोसियम-152 वेगाने फिरताना सापडलं, लांबी रुंदीच्या जवळजवळ दुप्पट. ऊर्जा तेवढीच असेल तर केंद्रक जितकं लांबुळकं, तितकी अवस्था लवकर मरते. म्हणून आयुर्मानावरून अंगकाठी कळते. पत्रिकेवरून एवढं कळलं असतं तर मुलगी बघायला जावं लागलं नसतं.

गॅमा पकडायला आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी फिरणारी इंडियन नॅशनल गॅमा ॲरे, म्हणजे डिटेक्टरांचा ताफा, आहे, लाडाने इंगा. नाव विसरू नका. पहाटे जर्मेनियम डिटेक्टर गार ठेवणारा द्रव नायट्रोजन संपत आला की ती इंगाच दाखवते.

खरी मेख मरणात नाही, जन्मात आहे. गॅमा आला म्हणजे अवस्था संपली, एवढं पक्कं. पण ती भरली कधी? वरच्या ओळखीच्या पातळीवरून, की बाजूच्या कुठल्या तरी दिसतही नसलेल्या वाटेने? त्या वाटेला साइड फीडिंग म्हणतात. तिचा वेळ अंदाजाने धरा आणि तो अंदाज तळटीपेत, बारीक टायपात घाला. प्रामाणिक व्हायची हौसच असेल तर वरून आलेला गॅमा सोबत दिसला तरच ती घटना धरा. मग रात्रंदिवस जमवलेल्या डेटातल्या मूठभर घटना उरतात.

आजीला मी माझी जन्मवेळ विचारली होती. म्हणाली, "घड्याळ कुणी बघितलंय? दूधवाला नुकताच येऊन गेला होता."

तिला हे आधीपासून ठाऊक होतं. मला सात वर्षं लागली.