अंगठ्याएवढी काठी आणि १७८२चा न झालेला कायदा

"मावशी, हे भाषणात घेऊ का?" म्हणत भाचीने परवा एक फॉरवर्ड पाठवला. '१७८२ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, नवऱ्याने बायकोला अंगठ्याहून जाड काठीने मारू नये. रूल ऑफ थम्ब (म्हणजे ढोबळ अंदाजाचा नियम) हा शब्दप्रयोग त्यातूनच आला.' दर महिला दिनाला हे फिरतं. आता आमच्याच पोरीच्या भाषणात शिरायला निघालं, म्हणून लिहिते.

आधी साल बघा. जेम्स डरहॅम या स्कॉटिश धर्मोपदेशकाची प्रवचनं १६८५ साली छापली गेली. त्यात तो म्हणतो, मूर्ख लोक गुण्या-पट्टी सोडून अंदाजाने, 'रूल ऑफ थम्ब'ने बांधकाम करतात. वर 'आपण म्हणतो तसं' अशी पुस्तीही जोडतो. म्हणजे शब्द तेव्हाच लोकांच्या तोंडी रुळलेला होता, त्या तथाकथित कायद्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी! आणि अर्थ मारण्याचा नाही, मापाचा. फ्रेंचमध्ये अंगठा आणि इंच, दोन्हीला 'पूस' हाच शब्द. आपणही भात लावताना तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवतोच ना?

१७८२चा कायदा तर नाहीच. फ्रान्सिस बुलर हे इंग्लंडमधले न्यायाधीश असं काही बोलले, अशी वदंता उठली आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने चित्रात त्यांना काठ्या विकणारे 'जज थम्ब' केलं. त्यांचा तसा निकाल आजवर कुणाला सापडलेला नाही. हेन्री ॲन्सगर केली या अभ्यासकांनी १९९४ मध्ये हे सगळं खणून काढलंय. या वाक्प्रचाराची मारहाणीशी सांगड विसाव्या शतकात घातली गेली.

एक मात्र मान्य करावं लागतं. अंगठ्याचं माप न्यायालयात आलं होतं, पण अमेरिकेत. १८६८, नॉर्थ कॅरोलिना. एलिझाबेथ ऱ्होड्सला नवऱ्याने बोटाएवढ्या छडीने तीन फटके मारले. खालच्या न्यायाधीशाने अंगठ्याचा दाखला देऊन त्याला सोडलं. वरच्या न्यायालयाने ते माप नाकारलं, सुटका मात्र कायम ठेवली! चीड यायला एवढं पुरे नाही का? खोटा कायदा सांगितला की समोरचा तेवढंच खोडून काढतो आणि एलिझाबेथचे फटकेही खोटे ठरवतो.

भाचीला म्हटलं, ती ओळ काढ आणि एलिझाबेथचं नाव घे. बायकोला मारायचा नवऱ्याला हक्क नाही, हे त्याच न्यायालयाने म्हणायला १८७४ उजाडलं, तेही सांग.