फ्रँकेन्स्टाइन: १८१८ ची की १८३१ ची? एका कॉमेंटला उत्तर

ताई, चांगलीच खरडपट्टी काढलीत, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' टाइप करून सटकणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं मला कळलं ते असं की मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीवर १८३१ ला स्वतः हात फिरवून दिलेली प्रत असताना मी माझ्या लेखात लोकांना १८१८ ची पहिली आवृत्ती वाचायला सांगणं हा आगाऊपणा आहे, शिवाय त्या पहिल्या प्रतीत नवऱ्याची, म्हणजे कवी पर्सी शेलीची, ढवळाढवळ आहे, आणि "लोकांना घाबरून तिने पुस्तक मवाळ केलं" हे मी कशाच्या जोरावर लिहिलं?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे मी सपशेल चुकलो. तिच्या मनात शिरून आल्यासारखं ठोकून दिलं मी ते. उलट पुरावा तुमच्याच बाजूने आहे. १८२३ मध्ये जिनोआत तिने ओळखीच्या एका बाईंना पुस्तकाची प्रत भेट दिली होती (ती आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे), तिच्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्यात आणि लिहून ठेवलंय की पुन्हा आवृत्ती निघाली तर पहिली दोन प्रकरणं नव्याने लिहीन, भाषा कुठेकुठे पोरकट झालीये. म्हणजे दुरुस्तीचं तिच्या डोक्यात आधीपासून होतंच. त्यात १८३१ ची प्रत काढणारे प्रकाशक कोलबर्न आणि बेंटली जुन्या कादंबऱ्या एकाच खंडात स्वस्तात काढायचे आणि कॉपीराइट नव्याने सांगता यावा म्हणून लेखकाकडून काहीतरी नवीन मागायचे, तो व्यवहार वेगळाच.

नवऱ्याचं म्हणाल तर खरंय, हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहेत आणि पर्सीचं अक्षर त्यात सरळ दिसतं, १८१८ ची प्रस्तावनासुद्धा त्यानेच तिच्या वतीने लिहिली. पण ताई, १८३१ ची प्रत छापील पुस्तकावरूनच झाली ना, मग पर्सीचे बहुतेक शब्द तिच्यातही तसेच राहिलेत. त्यामुळे हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच लागतो.

आता मुख्य भांडण. १८३१ च्या प्रस्तावनेत ती म्हणते की गोष्टीत काहीच बदललं नाही, फक्त भाषा सुधारली. तुम्ही तेच वाक्य माझ्या तोंडावर मारलंय, पण इथे मी लेखिकेचंही ऐकणार नाही! व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन म्हणजे मृत देहांच्या तुकड्यांतून जिवंत प्राणी घडवणारा नायक, आणि त्याची होणारी बायको एलिझाबेथ १८१८ ला त्याची आतेबहीण आहे, १८३१ ला ती कोमो सरोवराजवळ एका गरीब शेतकऱ्याच्या घरात सापडलेली परकी पोर होते. आल्प्समधल्या शामोनीला आधी सगळं घर जातं, नंतर व्हिक्टर एकटाच. व्हिक्टरचा मित्र क्लेरव्हाल तर १८३१ ला भाषा शिकून थेट हिंदुस्थानात यायचे बेत करतो, युरोपच्या वसाहतींना आणि व्यापाराला हातभार लावायला! ही काय नुसती भाषा आहे?

तरी ही सगळी किरकोळ. मला खरी खटकते ती व्हिक्टरच्या रसायनशास्त्राच्या प्रोफेसरच्या, वाल्डमनच्या, लेक्चरची जागा. १८१८ मध्ये व्हिक्टर ते लेक्चर ऐकतो, खूश होऊन बाहेर पडतो आणि त्याच संध्याकाळी प्रोफेसरला भेटायला जातो. बास. कुठल्याही हुशार पोराने केलं असतं तेच, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो, कारण तो कुठेही थांबू शकला असता. १८३१ मध्ये तेच शब्द प्रोफेसरचे न राहता नियतीचे होतात, व्हिक्टरचा आत्मा कुणाशी तरी झुंजतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणजे पोराचा दोष निम्मा नशिबाच्या खात्यावर. नशिबाची भाषा १८१८ मध्येही आहे, नाही असं नाही, पण तिथे ती मला व्हिक्टरची सबब वाटते, इथे पुस्तकच त्याची री ओढतं.

मधल्या वर्षांत तिचं काय काय गेलं ते तुम्ही लिहिलंच आहे, १८१८ ला मुलगी क्लारा गेली, १८१९ ला मुलगा विल्यम, १८२२ ला पर्सी बुडाला. कादंबरीत पहिला बळी जातो त्या लहानग्याचं नाव विल्यमच आहे, आणि तिने ते १८३१ ला बदललं नाही. यावर लिहायला लागलो तर परत तिच्या मनात शिरेन, म्हणून थांबतो.

'मवाळ' हा शब्द मागे घेतला, मूळ लेखात दुरुस्ती टाकतो. '१८१८ ची आधी वाचा' हे मात्र तसंच ठेवतोय. आणि हो, तुम्ही कॉलेजात वाचलेली प्रत कुठली ते आठवत नाही म्हणालात ना, पुस्तक घरात असेल तर वाल्डमनचं लेक्चर काढा आणि बघा त्या रात्री व्हिक्टरला झोप लागते का.