साठीच्या हवालदाराने अपुरे मनुष्यबळ भरून निघेल काय?

राज्यातील पोलिसांचे निवृत्तीचे वय कायदा करून ५८ वरून ६० करावे, म्हणजे अपुरे मनुष्यबळ भरून निघेल, अनुभवी माणसे टिकतील, सरकारचा निवृत्तिवेतनाचा पैसा वाचेल आणि आयपीएस अधिकाऱ्यांच्या तुलनेत होणारा अन्याय संपेल, असा संदेश जळगाव-धुळ्याकडे पुन्हा पुन्हा फिरतो. त्यामागची तळमळ खरी आहे, पण एक मुद्दा सोडला तर बाकीचे तपासल्यावर टिकत नाहीत.

कायद्याचे आधी उरकून टाकू. राज्य कर्मचाऱ्यांचे ५८ हे वय ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’ यातील नियम १० मध्ये आहे. हे नियम संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खालचे असल्याने शासनाला ते अधिसूचनेने बदलता येतात. त्यासाठी विधेयक लागत नाही.

मनुष्यबळाचे गणित अधिक फसवे आहे. वय दोन वर्षांनी वाढवले की तेवढी दोन वर्षे वयोमानाने कोणी निवृत्त होणार नाही. तिसऱ्या वर्षापासून पूर्वीइतकीच माणसे बाहेर पडू लागतील. म्हणजे गळती थांबत नाही, फक्त पुढे ढकलली जाते आणि तेवढ्या काळात भरतीची जाहिरात लांबवायला आयते निमित्त मिळते. शिवाय थांबलेली माणसे कोणत्या कामाला पुरतील? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना जळगावच्या आकाशवाणी चौकात भर दुपारी उभा असलेला, गळ्यात ओला रुमाल आणि पायाशी ओले फडके गुंडाळलेली पाण्याची बाटली ठेवलेला हवालदार ज्याने पाहिला आहे, त्याने त्याला आणखी दोन उन्हाळे तिथे उभे करण्याची मागणी करण्यापूर्वी थोडे थांबावे. मेहरूण तलावावरच्या गणेश विसर्जनाचा बंदोबस्त सकाळी लागतो आणि रात्र उलटली तरी उठत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर तर तपासासाठी पायीच चढावे लागते.

अनुभवाचे मोल मोठे आहे, हे मान्य. पंचनामा कुठे ढिला राहिला की आरोपी सुटतो, हे जुन्या सहायक फौजदाराइतके कोणाला कळत नाही. पण त्यासाठी सरसकट सर्वांना थांबवण्याची गरज नाही. निवडक निवृत्तांना करारावर तपासाच्या कागदपत्रांसाठी आणि प्रशिक्षणासाठी घेता येईल. वरची जागा दोन वर्षे अडली, तर खालचा शिपाई हवालदार होण्याची वाट पाहत बसतो, हेही संदेशात नाही.

पैसा वाचतो म्हणणे अर्धवट आहे. आज निवृत्त होणारे बहुतेक जण १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेले, म्हणजे जुन्या निवृत्तिवेतनाचे हक्कदार आहेत. त्यांचे देणे पुढे ढकलले जाते, पण त्या दोन वर्षांत त्यांना जो पगार द्यावा लागतो तो नव्या शिपायाच्या पगाराहून कितीतरी अधिक असतो.

राहिला समानतेचा मुद्दा, आणि तो मात्र खरोखर वजनदार आहे. आयपीएस अधिकारी साठाव्या वर्षी निवृत्त होतात. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांतही पदानुसार असलेला ५७ आणि ६० हा भेद दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१९ मध्ये संपवून सर्वांसाठी ६० हे वय ठरले. हीच मागणी कोणी इथे केली तर तिला अन्याय्य म्हणता येणार नाही. पण मग ती हक्काची मागणी म्हणून मांडावी, मनुष्यबळाचे औषध म्हणून नव्हे, आणि तिची किंमत कोण भरतो तेही सांगावे. चोपडा-पारोळ्याच्या रस्त्यांवर पहाटे सोळाशे मीटरचा सराव करणाऱ्या, खुल्या प्रवर्गातल्या सत्तावीस वर्षांच्या मुलासाठी शिपाई भरतीची वयोमर्यादा २८ आहे. जाहिरात दोन वर्षे लांबली, तर तो मैदानाबाहेर पडलेला असेल.